आदल्या दिवशीची ईद

वहिनी : मागे बघायचं नाही म्हटलं ना! डोळे मीट. मिटलेस? आता माझा हात धर आणि पुढे ये. जपून, खुर्ची आहे. हं... उघड आता!

सिस्टर : हे काय? वाढदिवस आहे कुणाचा?

वहिनी : वाढदिवस! अगं नीट बघ की भिंतीवर. चंद्र, चांदण्या, हिरव्या पताका. सगळं हातानं कापलंय, विकतचं एक नाही. ईद मुबारक, सिस्टर!

सिस्टर : वहिनी, आज ईद नाही.

वहिनी : असं कसं नाही?

सिस्टर : आज रोजा आहे माझा. संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर परवा.

वहिनी : ते माहितीये गं मला, एवढी काही मी ही नाहीये. मोबाईलमध्ये उद्याचीच दाखवतात. पण उद्या सोमवार! सोमवारी कोण येणार ईदला? सगळ्यांची ऑफिसं. म्हटलं, रविवारी उरकून टाकू.

सिस्टर : उरकून.

वहिनी : म्हणजे साजरी करू गं. परदेशात राहायचं तर असंच करावं लागतं. आपले सगळे सण आपण रविवारीच करतो, बघतेस ना तू? मुलांचे वाढदिवस रविवारी. सासूबाईंची पुण्यतिथी रविवारी. देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय?

सिस्टर : माझा बसलाय थोडासा.

वहिनी : चावट आहेस हं! बरं ऐक, एक वाजता मंडळी येतील. जेवण बाहेरून मागवलंय, तुला काही करायचं नाही. आज तू नर्स नाहीस. आज तू या घरातली लेक. आबांचं सकाळचं तेवढं आवर, त्यांना पुसून घे, झब्बा घाल, चादर बदल, की मग तू मोकळी.

सिस्टर : बरं. मी बसेन सगळ्यांबरोबर. पण खाणार नाही.

वहिनी : म्हणजे? जिच्यासाठी सगळं केलं तिनंच उपाशी बसायचं? लोक काय म्हणतील?

सिस्टर : लोकांना सांगा, रोजा आहे.

वहिनी : असं कसं सांगू? मी सगळ्यांना ईद म्हणून बोलावलंय. ईदच्या दिवशी रोजा असतो का?

सिस्टर : नसतो.

वहिनी : मग!

सिस्टर : वहिनी, महिनाभर धरलेत मी. आबांना तिन्ही त्रिकाळ भरवून, स्वतः पाण्याचा घोट न घेता. हा शेवटचा आहे.

वहिनी : तेच म्हणते ना मी. एवढे केलेस, एकानं काय होतंय? नंतर एखादा जास्तीचा धर.

सिस्टर : एक विचारू?

वहिनी : विचार की.

सिस्टर : साहेब म्हणाले होते, ईदला घरी जाऊन ये. त्यांच्या शब्दावर भावानं माझ्या पोरीच्या निकाहची तारीख धरली. या शुक्रवारी निकाह आहे. आज रविवार उजाडला, तिकिटाचं कुणी बोलत नाही. मी दोनदा विचारलं. साहेब म्हणतात, बघू.

वहिनी : अगं, तेच तर! ते आज जेवताना सांगणार आहेत. सगळ्यांसमोर.

सिस्टर : काय सांगणार आहेत?

वहिनी : नाही बाई, मी फोडणार नाही. सरप्राइज आहे. पण एवढं सांगते, तुझ्या लेकीच्या निकाहचंच आहे. तू रडशील बघ आनंदानं.

सिस्टर : खरं?

वहिनी : मी खोटं बोलते का कधी? तू फक्त पाहुण्यांसमोर तोंड पाडून बसू नकोस. यांचा मूड एकदा गेला ना, की मग तुला माहितीच आहे. एक घास. माझ्या हातचा. फोटोपुरता.

सिस्टर : एका घासानंही तुटतो, वहिनी.

वहिनी : बघ बाई. तुझा देव, तुझा रोजा. मी आपली तुझ्यासाठी मरमर मरतेय.

*

आबा : बाहेर कसली गडबड चाललीय? मी गेलो की काय?

सिस्टर : तुम्ही गेलात तर एवढ्या पताका लावतील? हात वर करा.

आबा : कुठला? वर होणारा की न होणारा?

सिस्टर : होणारा तुम्ही करा. न होणारा मी करते.

आबा : आई गं! हळू, च्यायला! खांदा आहे तो, हँडब्रेक नाही.

सिस्टर : झब्बा घालायचाय. आज ईद आहे.

आबा : उद्या ना? पहाटे उठून खाल्लंस की तू. मी जागाच होतो. डब्याचं झाकण वाजू नये म्हणून किती जपत होतीस.

सिस्टर : उद्याचीच. पण उद्या सोमवार आहे.

आबा : मग?

सिस्टर : सोमवारी पाहुण्यांना जमत नाही.

आबा : वा! म्हणजे चंद्रालासुद्धा आता सूनबाईनं ड्यूटी लावून दिली. माझं मरणही ही रविवारीच घेईल बघ. बुधवारी गेलो तर बर्फात ठेवेल.

सिस्टर : असं बोलू नये. वहिनी मनानं वाईट नाहीत.

आबा : वाईट कोण म्हणतंय? माझा पोरगा तरी कुठं वाईट आहे? बापाला अर्धांग झालं म्हटल्यावर विमानात घालून इथं आणला, भिंतीएवढी खिडकी दिली. खिडकीतून काय दिसतं? पलीकडच्या इमारतीची भिंत. आणि मी जन्मभर बस चालवलेला माणूस. नजरेसमोर रस्ता लागतो मला.

सिस्टर : पाठ बघू. वळा. लाली आहे थोडी, पण फुटली नाही.

आबा : तुझी कृपा.

सिस्टर : आबा, मी आज खूश आहे.

आबा : ईद म्हणून?

सिस्टर : तिकीट आलंय माझं. साहेब आज जेवताना सांगणार आहेत.

आबा : पाणी दे जरा.

सिस्टर : हे घ्या. हळू. ठसका लागेल.

आबा : तिकीट म्हणाली सूनबाई? हाच शब्द?

सिस्टर : म्हणाल्या, लेकीच्या निकाहचं आहे, आनंदानं रडशील. दुसरं काय असणार?

आबा : हं.

सिस्टर : तुम्हाला नाही आनंद झाला.

आबा : झाला की. तोंड अर्धंच हलतं माझं, दिसत नसेल.

सिस्टर : ती मागची बाई येईल म्हणून घाबरलात ना? मला ताप आला होता तेव्हाची?

आबा : विषय काढू नकोस तिचा. सकाळी भिजलो तो संध्याकाळपर्यंत तसाच. मी मराठीत कोकलतोय आणि ती तिच्या भाषेत फोनवर खिदळतेय. पाठ सोलून निघाली. आणि घरात सगळे होते बरं का! पोरगा होता, सून होती. दार लावलेलं. वास बाहेर येऊ नये म्हणून.

सिस्टर : आणि मग ताप उतरायच्या आधी मला उठावं लागलं. यावेळी तिला सगळं शिकवून जाईन. पंधरा दिवसांत तर परत येईन.

आबा : हं.

सिस्टर : एकच आहे. वहिनी म्हणतात, पाहुण्यांसमोर घास घ्यायचा.

आबा : आणि तुझा रोजा?

सिस्टर : त्याच विचारात आहे सकाळपासून. आबा, माझ्या पोरीला बाप नाही. मामानं वाढवली. निकाहच्या वेळी आईपण नसेल तर ती निघताना कुणाच्या गळ्यात पडेल? मामीच्या? मामी चांगली आहे, पण मामी ती मामी. एक रोजा तोडून साहेब खूश राहत असतील तर तोडते. वरच्याला मी सांगेन समजावून. साहेबांना कोण समजावणार?

आबा : नको तोडूस.

सिस्टर : तुम्ही कधीपासून एवढे धार्मिक झालात?

आबा : मी सांगतो ते ऐक. पोटात दुखतंय म्हण. चक्कर येतेय म्हण. नाहीतर माझ्यावर ढकल, आबांनी सगळं घाण करून ठेवलंय म्हण. त्या टेबलाशी जाऊच नकोस.

सिस्टर : का पण?

आबा : उगाच.

सिस्टर : उगाच काय? तुम्हाला काही ठाऊक आहे का?

आबा : मला काय ठाऊक असणार? मला इथं विचारतंय कोण?

सिस्टर : मग गप बसा आणि मान वर करा. बटण लावू द्या.

*

(पाहुणे गेले आहेत. स्वयंपाकघरात उष्ट्या ताटांचा ढीग.)

वहिनी : तू हात लावू नकोस हं. आज तुझा सण.

सिस्टर : मग कोण घासणार?

वहिनी : मशीन आहे की. बरं, ते काचेचे पेले तेवढे हातानं घे, मशीनमध्ये चरे पडतात. आणि तो मोठा टोप. तो मावत नाही. बाकी काही करू नकोस.

सिस्टर : बरं.

वहिनी : किती छान झालं ना सगळं? तू रडलीस, तेव्हा तर एकेकाचे डोळे भरून आले. त्या समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं घर नाही बघितलं कुठं. हा फोटो बघ, घास भरवतानाचा. माझा एक डोळा मिटलाय, पण तू छान आलीस.

सिस्टर : त्या टक्कल असलेल्या साहेबांनी विचारलं, तुमच्यात बायकांना बाहेर काम करू देतात का.

वहिनी : अगं ते भोळे आहेत. कुतूहल असतं त्यांना.

सिस्टर : मी म्हटलं, देतात. घरी जाऊ देत नाहीत.

वहिनी : हो, आणि सगळे किती हसले! मला माहितीच नव्हतं तू इतकी विनोदी आहेस.

सिस्टर : वहिनी, साहेबांनी दिलेला तो स्क्रीन...

वहिनी : भिंतभर आहे अगदी! आबांच्या पलंगासमोरच लावून देणार आहेत उद्या. शुक्रवारी तिकडं तुझा भाऊ मोबाईल धरेल, इकडं तू जणू मांडवातच उभी. पोरगी तुझी एवढी मोठी दिसेल, खरी दिसणार नाही तेवढी! यांचीच आयडिया. आणि आबांचंही बघता येईल तुला, मध्येच उठून जायला नको की काही नको.

सिस्टर : मला वाटलं, तिकीट आहे.

वहिनी : काय?

सिस्टर : तुम्ही म्हणालात, निकाहचं आहे. मला वाटलं तिकीट. मी तिकिटासाठी घास घेतला.

वहिनी : असं बोलू नये गं. मी प्रेमानं भरवला.

सिस्टर : तुम्ही प्रेमानंच भरवलात. मी लाच म्हणून घेतला. साहेबांना दिलेली लाच. ते टोपी घालून उभे राहिले, त्या खोक्यावरचा कागद फाडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा घास इथं होता माझ्या. घशात. गिळावा की थुंकावा कळेना. सगळे बघत होते, म्हणून गिळला.

वहिनी : म्हणजे तू आनंदानं नाही रडलीस?

सिस्टर : नाही.

वहिनी : बाई गं! आणि मी तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवलासुद्धा.

सिस्टर : मला जायचंय, वहिनी. साहेबांची सही तेवढी द्या. मी तुमच्या नावावर आलेली बाई. त्यांच्या सहीशिवाय गेले तर इथलं सरकार मला परत पाय ठेवू देणार नाही. तिकीट माझं मी काढते.

वहिनी : तिकिटाचा प्रश्नच नाही गं. आम्ही नसतं का काढलं? आम्ही काय असे आहोत?

सिस्टर : मग कशाचा प्रश्न आहे?

वहिनी : आबांचं कोण करणार?

सिस्टर : तुम्ही.

वहिनी : मी?

सिस्टर : सासरे आहेत तुमचे. साहेबांचा बाप आहे.

वहिनी : अगं, मला नाही जमत ते. मळमळतं मला. आणि हे तर त्यांना तसं बघूच शकत नाहीत. वरून दिसत नाहीत, पण फार हळवे आहेत.

सिस्टर : मला नाही मळमळत?

वहिनी : तुझं ट्रेनिंग झालंय.

सिस्टर : नाकाचं नाही होत ट्रेनिंग.

वहिनी : आवाज का चढवतेस? एवढं केलं तुझ्यासाठी. कोण करतं इथं कामाच्या बाईसाठी?

सिस्टर : सकाळी लेक म्हणालात.

वहिनी : लेकच मानते! म्हणून तर हक्कानं सांगतेय ना?

सिस्टर : तुमच्या लेकीला असं ठेवाल? जाऊ दे. मी साहेबांशीच बोलते. पाया पडते त्यांच्या. ईद आहे ना आज माझी? मग ईदीत मला सही द्या म्हणते.

वहिनी : नको, नको, त्यांच्याशी आत्ता नको बोलूस. हे बघ, सगळं आमच्यावर ढकलू नकोस. आम्ही तयार होतो. दोघंही. त्या मागच्या बाईला पंधरा दिवसांसाठी सांगूनसुद्धा ठेवणार होतो. पण आबांनीच... राहू दे.

सिस्टर : आबांनी काय?

वहिनी : तुला सांगायचं नाही म्हणालेत.

सिस्टर : वहिनी.

वहिनी : आबा म्हणाले, ती गेली तर मी अन्नाला शिवणार नाही. यांच्यासमोर हात जोडले त्यांनी. म्हणजे एकच हात, पण जोडल्यासारखा. बाप हात जोडून रडायला लागल्यावर मुलानं काय करायचं, तूच सांग.

सिस्टर : आबांनी?

वहिनी : जीव आहे गं त्यांचा तुझ्यावर.

सिस्टर : पेले झालेत. टोप भिजत घातलाय.

*

आबा : दिवा लाव की. अंधारात काय उभी राहिलीस?

सिस्टर : हात जोडलेत म्हणे.

आबा : कुणी?

सिस्टर : तुम्ही. लेकासमोर. एकच हात जोडला असं वहिनी म्हणाल्या, म्हणून खरं वाटलं. खोटं सांगणाऱ्यानं दोन सांगितले असते.

आबा : सांगितलं होय तिनं. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

सिस्टर : तुमच्या तोंडात चांगला भिजला. सकाळी मी तुमचा हात बाहीत घालत होते. तिकीट आलं, तिकीट आलं म्हणून नाचत होते. आणि तुम्हाला ठाऊक होतं.

आबा : मी म्हटलं ना तुला, घास घेऊ नकोस.

सिस्टर : का नको, ते नाही म्हणालात.

आबा : हिंमत झाली नाही.

सिस्टर : हात जोडायची झाली.

आबा : बोल. बोलून घे. खाल्लंस का नंतर काही?

सिस्टर : तो एक घास. त्यानंतर काही उतरलं नाही. धड रोजा नाही, धड जेवण नाही. दिवसभर मधेच लटकलेय.

आबा : जवळ ये. बस इथं.

सिस्टर : मी उभीच बरी आहे.

आबा : मला वाटलं, तू गेलीस की परत येणार नाहीस. लेकीपाशी गेलेली आई कशाला परत येईल म्हाताऱ्याचं भांडं उचलायला?

सिस्टर : आले असते. तिकडं चूल माझ्यावर पेटते. न येऊन सांगते कुणाला?

आबा : हे मला समजायला हवं होतं.

सिस्टर : समजलं होतं तुम्हाला. इतके काही तुम्ही हे नाही.

आबा : बरं, समजलं होतं. मग ऐक खरं. त्या बाईला भ्यालो मी. दिवसभर ओल्यात पडून राहायचं, हाक मारायची आणि कुणाला ती कळायची नाही. पोरी, मी घाटात गाडी चालवायचो. मागं सगळी गाडी घोरत पडलेली असायची, माझ्या भरवशावर. आणि आता मला कूस बदलायची तर दुसऱ्याची वाट बघावी लागते. आधी लाज वाटायची. ती कधीच गेली. नुसती भीती उरलीय.

सिस्टर : मला नाही वाटत भीती? मी निघाले तेव्हा ती दोन वेण्या घालायची. आता तिला हळद लागेल. मधलं सगळं तुमच्या पाठीला मलम लावण्यात गेलं माझं. मला वाटतं, समोर उभी राहिले आणि मी तिला ओळखलंच नाही तर? ती मला मामी-मावशीला भेटावं तशी भेटली तर? ती भीती तुमच्या भीतीपेक्षा लहान आहे का? सांगा की.

आबा : नाही.

सिस्टर : तुम्ही अर्धे लुळे म्हणून तुमची भीती मोठी. मी धडधाकट, म्हणून मला भीती नसते. मळमळ नसते. बाप गेला तेव्हाही मी इथंच होते. तुम्हाला पेज भरवत होते. तेव्हा नाही म्हटलं मी काही. म्हटलं, जाऊ दे, हाही बापच आहे.

आबा : शिव्या दे मला.

सिस्टर : शिव्या दिल्या की तुम्हाला बरं वाटेल. नाही देणार.

आबा : थांब. मी सांगतो. आत्ताच्या आत्ता सांगतो. सूनबाई! अगं ए सूनबाई!

वहिनी : काय झालं? पडले का? सिस्टर, तू असताना...

आबा : नाही पडलो. हिला जाऊ दे.

वहिनी : कुठं?

आबा : लेकीच्या लग्नाला. मी माझं बोलणं मागं घेतो. जेवीन मी. दोन्ही वेळा जेवीन. त्याला सांग, सही कर म्हणावं.

वहिनी : बघ, सिस्टर! मी म्हणत होते ना, माझं काही नाही म्हणून? ठीक आहे आबा, चांगलंच झालं. हे खालीच बसलेत, आत्ता सांगते त्यांना. परवाचं विमान सहज मिळेल.

सिस्टर : खरंच, वहिनी?

वहिनी : खरंच म्हणजे काय! मग मी लगेच त्या बाईला फोन लावते. ती असते मोकळी. उद्यापासूनच येऊ दे, म्हणजे तुझ्या हाताखाली दोन दिवस शिकेल. लावू ना आबा फोन?

आबा : दुसरी कुणी नाही?

वहिनी : एवढ्या घाईत दुसरी कुठून आणू?

आबा : म्हणजे तीच.

वहिनी : तीच. रात्रीचीही तीच राहील. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

सिस्टर : आबा, मी तिला करून दाखवीन सगळं. तिच्याकडून करून घेईन माझ्यासमोर. तिकडून फोन करीन, सकाळ-संध्याकाळ. तुम्ही मला सांगा, मी तिला झापते.

वहिनी : आबा? लावू ना?

सिस्टर : हो म्हणा, आबा.

वहिनी : ऐकू येतंय ना तुम्हाला?

आबा : पाय आखडलाय माझा.

वहिनी : फोन लावू का, तेवढं सांगा.

आबा : पाय आखडलाय गं. दुखतोय. कुणीतरी बघा की जरा.

सिस्टर : आबा, एकदा हो म्हणा. फक्त हो.

आबा : फार दुखतोय.

वहिनी : आता बघ. ह्याला मी काय करू, तूच सांग. माझी तयारी आहे बाई. पण उद्या यांनी अन्न सोडलं तर मला घरात कोण जगू देईल? आपण उद्या सकाळी बोलू. मी फार दमले आज. आणि हो, सांगायचंच राहिलं, चंद्र दिसला म्हणे! मोबाईलवर आलंय. बरोबर निघालं ना माझं कॅलेंडर? ईद मुबारक हं, परत एकदा.

आबा : गेली?

सिस्टर : गेल्या. कुठला पाय?

आबा : हा.

सिस्टर : पोटरीपाशी?

आबा : दुखत नाहीये, पोरी.

सिस्टर : ठाऊक आहे.

आबा : तरी चोळतेस?

सिस्टर : तेवढंच येतं मला.

आबा : तुझा फोन वाजतोय.

सिस्टर : वाजू दे. पोरीचा असेल. तिकडंही चंद्र दिसला असेल.

आबा : उचल की.

सिस्टर : उचलून काय सांगू?

आबा : खरं ते सांग. म्हाताऱ्यानं अडवलं म्हण. सगळं माझ्यावर घाल. घालू दे तिला मला शिव्या, पोटभर.

सिस्टर : नाही घालायची ती.

आबा : का?

सिस्टर : काल म्हणत होती, अम्मी, तुझ्या आबांना बरं वाटत असेल तर त्यांनाही घेऊन ये.